रात्री जागून टेनिस बघताय? मग या चुका टाळा

जागरण झेपत नाही म्हणून टेनिस बघणं सोडलेले बरेच लोक ओळखीत आहेत आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांना जागायची गरजच नव्हती. मॅच किती वाजता आहे एवढं बघतात, पण आपली झोप कुठे बसवायची हे कोणी आधी ठरवत नाही, मग रात्री दीडला सोफ्यावर डुलक्या, मॅच पण धड बघून होत नाही आणि दुसरा दिवस पण वाया. हे टाळता येतं, नक्की येतं.

चारही ग्रँड स्लॅमना एकच फॉर्म्युला लावणं

ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा, मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन, पॅरिसला फ्रेंच ओपन, लंडनला विम्बल्डन आणि न्यूयॉर्कला यूएस ओपन. जानेवारीत मेलबर्नचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. म्हणजे तिथलं संध्याकाळी सातचं नाइट सेशन आपल्याकडे दुपारी दीडला, साडेसातची फायनल दुपारी दोनला. इथे जागरणाचा काही संबंधच नाही, डे सेशन बघायचं असेल तर पहाटे उठावं लागतं एवढंच. पॅरिस आपल्या साडेतीन तास मागे, विम्बल्डन साडेचार तास मागे, त्यामुळे या दोन्हीतलं बरंचसं टेनिस दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत आरामात बघून होतं. विम्बल्डनचं सेंटर कोर्ट, म्हणजे तिथलं मुख्य कोर्ट, आपल्या संध्याकाळी सहाला सुरू होतं. फक्त २०२५ पासून तिथल्या फायनल दुपारी दोनऐवजी चारला सुरू करतात, म्हणजे आपले साडेआठ. जुन्या सवयीने साडेसहाला टीव्ही लावून बसू नका, आणि पाच सेट झाले तर मध्यरात्र उलटणार हे धरून चाला.

खरी परीक्षा न्यूयॉर्कची. साडेनऊ तासांचा फरक.

नाइट सेशनसाठी रात्रभर जागत बसणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. यूएस ओपनचं नाइट सेशन तिथे संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला. साडेचार! ही काय जागायची वेळ आहे का, ही उठायची वेळ आहे. दिवाळीला अभ्यंगस्नानाला उठतोच की आपण. साडेनऊला झोपा, सव्वाचारचा अलार्म लावा, पावणेसात तास झोप पदरात पडते आणि डोकं ताजं असतं. पण लोक काय करतात, डे सेशन आपल्याकडे रात्री साडेआठच्या सुमारास सुरू होतं म्हणून ते बघत बसतात, मग 'आता झोपून काय उपयोग' म्हणत तीन वाजवतात, आणि जी मॅच बघायला एवढा अट्टहास केला ती लागेपर्यंत डोळे मिटलेले. डे सेशन की नाइट सेशन, एका दिवशी एकच निवडा. दोन्ही कोणालाच झेपत नाही.

२०१९ ला आपला सुमित नागल यूएस ओपनच्या आर्थर अॅश स्टेडियमवर फेडररसमोर उतरला होता ते आठवा. क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी खेळून आलेला मुलगा, ग्रँड स्लॅमच्या मुख्य स्पर्धेत पहिल्यांदाच, आणि पहिला सेट त्याने ६-४ घेतला! ती नाइट सेशनमधली दुसरी मॅच होती, आधी सेरेना आणि शारापोव्हाची होती, म्हणजे आपल्याकडे चांगलं उजाडलेलं होतं. लवकर झोपून उठलेल्यांनी तो सेट चहा घेत बघितला असणार, आणि रात्रभर ताटकळलेल्यांची तोपर्यंत विकेट पडलेली असणार. मला अजूनही वाटतं की आपल्या माणसाने फेडररकडून सेट घेतलेला लाइव्ह बघणं यापरता दुसरा आनंद नाही, आणि तो झोपेच्या चुकीच्या हिशोबापायी हुकावा हे फार वाईट.

तारखेचा घोळ

तिथलं सोमवारचं नाइट सेशन म्हणजे आपली मंगळवारची पहाट. साधी गोष्ट आहे पण दरवर्षी कोणीतरी सोमवारी पहाटे साडेचारला उठून बसतं आणि रविवारच्या मॅचेस चालू असतात. अलार्म लावताना वाराकडे बघा. टूर्नामेंटच्या अॅपमध्ये बऱ्याचदा 'माय टाइम' किंवा लोकल टाइम असा पर्याय असतो, तो एकदाच सेट करून ठेवा म्हणजे दरवेळी बोटं मोजायला नकोत.

अजून एक बारीक खाच. मार्चमध्ये कॅलिफोर्नियात इंडियन वेल्सची स्पर्धा चालू असताना अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी. आपल्याकडे घड्याळ बदलायचा प्रकारच नाही त्यामुळे लक्षात येत नाही. शनिवारपर्यंत साडेतेरा तासांचा फरक असतो आणि रविवारपासून साडेबारा, म्हणजे तिथल्या त्याच वेळेची मॅच आपल्याकडे एक तास आधी सुरू होते. तुम्ही जुन्या वेळेला उठलात तर पहिला सेट गेलेला.

'यानंतर' लिहिलेल्या मॅचची पक्की वेळ धरणं

टेनिसचं वेळापत्रक सिनेमाच्या शोसारखं नसतं. कोर्टवरची पहिली मॅच सोडली तर बाकी सगळं 'फॉलोड बाय', म्हणजे आधीची संपल्यावर, किंवा 'नॉट बिफोर', म्हणजे अमुक वेळेच्या आधी नाही, आणि आधीची कधी संपेल हे कोणाच्याच हातात नाही. २०१८ च्या विम्बल्डनला अँडरसन आणि इस्नरची सेमीफायनल ६ तास ३६ मिनिटं चालली, त्यामुळे जोकोविच आणि नदाल कोर्टवर आले तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. तीन सेट झाले आणि मॅच थांबवली, कारण विम्बल्डनमध्ये रात्री अकरानंतर खेळत नाहीत, आपले साडेतीन. उरलेली मॅच दुसऱ्या दिवशी. एवढं जागून निकाल नाहीच. म्हणून विम्बल्डनला हा अकराचा नियम डोक्यात ठेवा, सेंटर कोर्टवरची शेवटची मॅच आपल्या रात्री एकनंतर सुरू होत असेल आणि पुरुषांची असेल तर ती त्या रात्री संपेलच असं नाही, सरळ झोपा.

पॅरिसला उलटं आहे, तिथे असं बंधन नाही. नाइट सेशन सव्वाआठला, आपले पावणेबारा, त्यात पाऊस आला की संपलंच. २०२४ ला जोकोविच आणि मुसेट्टीची मॅच तिथे पहाटे ३ वाजून ७ मिनिटांनी संपली, आपल्याकडे ६:३७, म्हणजे दूधवाला येऊन गेला असेल. न्यूयॉर्कचं २०२२ चं क्वार्टरफायनल, अल्काराझ आणि सिनर, सव्वापाच तास, तिथे रात्री २:५० ला संपलं आणि आपल्याकडे दुपारचे बारा वीस. सिनरकडे चौथ्या सेटमध्ये मॅच पॉइंट होता, म्हणजे एक पॉइंट घेतला की मॅच त्याची, आणि आपली अख्खी कामाची सकाळ त्यात गेली. असं काही होऊ शकतं हे गृहीत धरूनच दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगा ठेवा.

यावर उपाय असा: आधीची मॅच कुठे पोचली ते झोपायच्या आधी एकदा बघा. बायकांची मॅच बेस्ट ऑफ थ्री असते, पहिला सेट झाला की थोडाफार अंदाज येतो. ग्रँड स्लॅममध्ये पुरुषांची बेस्ट ऑफ फाइव्ह असते, तिथे अंदाज बांधूच नका. एक दिलासा आहे, २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला ६-६ झाले की दहा पॉइंटचा टायब्रेक होतो, त्यामुळे इस्नर आणि माहूतच्या मॅचमधल्यासारखा ७०-६८ असा शेवटचा सेट आता होणार नाही.

दोन सेट गेले म्हणून टीव्ही बंद करणं

हे फक्त फायनलपुरतं सांगतोय, पहिल्या राउंडला बंद केलंत तरी चालेल. ८ जून २०२५, फ्रेंच ओपनची फायनल. पहिले दोन सेट सिनरचे, तिसरा अल्काराझचा, चौथ्यात सिनर ५-३ ने पुढे, अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०. तीन चॅम्पियनशिप पॉइंट. आपल्याकडे रात्रीची जेवणं उरकलेली, उद्या सोमवार, कितीतरी घरांत त्या क्षणी रिमोट हातात घेतला गेला असेल. अल्काराझने तिन्ही वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी, मध्यरात्र ओलांडून, तो जिंकला. फायनलला बसायचं तर शेवटपर्यंत बसायचं, नाहीतर बसूच नका. त्यासाठी रविवारी दुपारी दीड तास झोप काढून ठेवा, हे सगळ्यात उपयोगी पडतं. यूएस ओपनच्या पुरुषांच्या फायनलला तर हवंच, २०२५ ला ती आपल्या रात्री साडेअकराची होती आणि सुरक्षेच्या तपासणीमुळे अजून अर्धा तास पुढे ढकलली गेली.

गणपतीचं पण लक्षात ठेवा. यूएस ओपन आणि गणेशोत्सव बऱ्याचदा एकत्र येतात, २०२५ ला अनंत चतुर्दशी आणि महिलांची फायनल एकाच दिवशी होती, मॅच आपल्या रात्री दीडला. दहा दिवसांची धावपळ आणि मिरवणूक, त्यावर ती मॅच, शरीराला जास्त होतं. अशा वेळी सकाळी उठून रीप्ले बघण्यात काही कमीपणा नाही.

चहावर चहा

मॅच सुरू होताना एक कप ठीक. कॅफिनचा निम्मा असर उतरायलाच साधारण पाच तास जातात, त्यामुळे रात्री एकला घेतलेली कॉफी मॅच संपल्यावर झोपू देत नाही आणि मग लोक टेनिसला दोष देतात. मिसळ, बिर्याणी असलं जड जेवून बसू नका, चुरमुरे किंवा फळं पुरतात. अंधारात टीव्ही बघू नका, एक छोटा दिवा चालू ठेवा, आणि मॅच संपली की लगेच हायलाइट्स आणि मुलाखती बघायला घेऊ नका, त्या सकाळी पण तिथेच असतात.

स्कोअर आधीच कळणं

ऑनलाइन स्ट्रीम खऱ्या खेळाच्या थोडं मागे असतं, लाइव्ह स्कोअरचं अॅप पुढे. ब्रेक पॉइंट चालू आणि फोन थरथरला की मजा गेली. नोटिफिकेशन बंद, व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट, आणि फोन उलटा ठेवा. रीप्ले बघणार असाल तर यूट्यूबचं होमपेज उघडू नका, थंबनेलवरच ट्रॉफी दिसते. प्रक्षेपणाचे हक्क पण बदलत असतात, त्यामुळे कुठल्या चॅनलवर किंवा अॅपवर आहे आणि आपलं सबस्क्रिप्शन चालू आहे का हे दुपारीच बघा, मॅचच्या दोन मिनिटं आधी ओटीपीची वाट बघण्यात काही अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं वागणं

रात्र गेलीच असेल तर सकाळी बाइक किंवा गाडी चालवू नका, रिक्षा करा, बस घ्या, लोकलने जा, घरून काम करता येत असेल तर करा. दुपारी वीस मिनिटांची डुलकी घ्या, पण संध्याकाळी चारनंतर नको. आणि त्या रात्री सेमीफायनल असली तरी झोपा, फायनल अजून बाकी आहे.