झाडाची साल कोणी सोलली? माग काढताना या चुका टाळा

सकाळी बागेत जावं आणि संत्र्याचा बुंधा सोलून पांढरा पडलेला दिसावा, की आमच्या विदर्भात पहिलं नाव निघतं ते रोह्याचं, म्हणजे नीलगायीचं. राधानगरीकडे गव्याचं, तिलारीच्या खोऱ्यात हत्तीचं. ज्या गावात जो बदनाम, त्याच्या नावावर बिल फाटतं. मीही एकदा रोह्याला दोष देऊन बांधाभर काट्यांचं कुंपण घातलं होतं. चोर त्याच कुंपणाखालून रोज रात्री येत राहिला. साळिंदर होतं.

दात न बघता नाव घेऊ नका

सगळ्यात मोठी चूक हीच. जखम किती मोठी आहे ते आपण बघतो, तिची कड बघत नाही. जनावराचं तोंड कळतं ते कडेवरून.

साळिंदर हा कुरतडणारा प्राणी. त्याला वर-खाली पटाशीसारखे दात असतात. त्यामुळे लाकडावर जोडीजोडीने बारीक चर उमटतात. प्रत्येक चर करंगळीच्या नखाहूनही अरुंद असतो, आणि पुष्कळदा ते आडवे-तिरपे जातात. सालीचे तुकडे बुंध्याशीच सांडलेले दिसतात. काम बहुतेक गुडघ्याच्या खालीच असतं.

सांबर, गवा, रोही ही रवंथ करणारी जनावरं. त्यांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. खालचे दात सालीत रुतवायचे आणि मान वर झटकायची, ही त्यांची पद्धत. म्हणून पट्टी खालून सुरू होते आणि वर निमुळती होत फाटते. वरच्या टोकाला धागे लोंबत असतात. पेंचच्या जंगलात उन्हाळ्यात गवे सागाची साल अशीच ओढून खातात. खोडावर खालून वर गेलेली लांब, ओली पट्टी दिसली, तर साळिंदराला सोडून द्या.

शिंगं घासल्याची खूण आणखी वेगळी. तिथे खाणं नसतंच. मनगटाएवढं रोप निवडलेलं असतं, साल दोन्ही टोकांना चिंधड्या होऊन लोंबते, आजूबाजूच्या फांद्या मोडलेल्या असतात आणि मधलं लाकूड घासून गुळगुळीत झालेलं असतं. चितळ-सांबराचा नर शिंगांवरची मऊ लव उतरवायला हे करतो. रोह्याची शिंगं झडत नाहीत, त्यांना लवही नसते, पण झुडपांशी झुंजायची हौस त्यालाही आहे. सालीत अडकलेला एखादा केस मिळाला तर निम्मं काम झालंच.

नुसत्या उंचीवर विसंबू नका

"एवढ्या वर म्हणजे गवाच" असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. सांबर मागच्या पायांवर उभं राहतं. शेळीही राहते, आणि ती तर आपल्याच गोठ्यातली असते. उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूने तोंड लावलं, तर खालून बघणाऱ्याला खूण हातभर उंच वाटते. जनावर जिथे उभं होतं तिथे जाऊन उभे राहा, मग मोजा.

याउलट, "झाड वाढलं तशी खूण वर सरकली" हेही चूक. झाड शेंड्याने वाढतं, खोड जागच्या जागी फक्त जाड होतं. कंबरेएवढ्या उंचीवरची खूण दहा वर्षांनीही कंबरेएवढ्याच उंचीवर सापडते.

मात्र ती रुंदावते, आणि इथेच मी स्वतः फसलो आहे. जंगलात एका जुन्या झाडावरचे जाडजूड ओरखडे बघून मी वाघ वाघ करत होतो. सोबतच्या वनरक्षकाने कडेला भरून आलेली साल दाखवली. खोडाचा घेर वाढला तसे ओरखडे ताणले गेले होते, बिबट्याचे असण्याचीच शक्यता जास्त. नखांचा हिशेब ताज्या खुणेवरच करावा. अर्जुनसादड्यासारख्या गुळगुळीत खोडावर ओरखडे टप्प्याटप्प्याने थेट वर गेले असतील, तर मधाच्या पोळ्याकडे निघालेलं अस्वल आठवावं. बुंध्याला चिखलाचा थर आणि राठ केस असतील, तर रानडुक्कर लोळून येऊन अंग घासून गेलेलं असतं. त्याने साल खाल्लेली नसते.

जनावर नसतानाच जनावर शोधू नका

संत्र्याच्या बुंध्याशी साल तडकून डिंक गळत असेल, तर तो डिंक्या. ही बुरशी आहे, कुंपणाने थांबत नाही. आंब्याच्या फांद्यांच्या बेचक्यात भुशाची आणि विष्ठेची जाळी लोंबत असेल, तर साल खाणारी अळी. मातीचा पापुद्रा चढला असेल, तर वाळवी. आणि अर्जुनाची साल चौकोनी, सरळ कापलेली दिसली, तर तो प्राणी दोन पायांचा असतो आणि त्याच्या हातात कोयता असतो.

आधी लिंपू नका

जखम दिसली की लोक घाईने शेण-माती किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावतात. लावावीच, पण आधी फोटो काढा. जवळून एक, लांबून एक, शेजारी काडेपेटी किंवा पट्टी ठेवून. भरपाईसाठी पंचनामा व्हायचा असेल, तर पेस्टखाली गाडलेली खूण कोणाच्याच कामाची नाही.

त्याच संध्याकाळी बुंध्याभोवती पाणी शिंपडून माती हाताने सारखी करा. चोर बहुधा परत येतो. खुराचा ठसा उमटला तर यादी लगेच लहान होते. साळिंदराच्या पंज्याचा ठसा असेल, तर मागे काट्यांची फरफट दिसते, कधी एखादा काटाच पडलेला मिळतो.

साल सगळीकडून गोल गेली आहे का, हेही तेव्हाच बघा. पानांनी तयार केलेलं अन्न आंतरसालीतून मुळांकडे जातं. ती वाट पूर्ण कापली गेली, तरी झाड काही महिने हिरवंगार दिसतं आणि आपण निर्धास्त राहतो. एका बाजूला चार बोटं साल शाबूत असेल, तर झाड वाचण्याची आशा असते.

माझ्या बागेतली तीन झाडं अशी गोल सोललेली होती, ती पुढे वाळली. बाकीच्यांना मी गुडघ्यापर्यंत बारीक जाळी गुंडाळली, खालची कड वीतभर मातीत पुरली. बांधावरचं काट्यांचं कुंपण अजून तसंच आहे. रोही त्याच्यावरून सहज उडी मारून जातात.