शेवटचं सेमिस्टर: गाव सोडायच्या आधी कॉलेजातून काय काय घेऊन निघायचं

शेवटचा पेपर दुपारी सुटतो आणि रात्रीच्या कोकणकन्येने निम्मा वर्ग मुंबईला निघालेला असतो. आमच्या देवगड तालुक्यात हे वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचं आणि दाखल्यांचं टेबल सांभाळते. पाऊस लागला की मला फोन सुरू होतात. "मॅडम, माका दाखलो व्हयो, पण रजा गावणा नाय." नोकरी नवी, साहेब सोडत नाही, गाडीचं तिकीट मिळत नाही, आणि एका सहीसाठी कुर्ल्याहून कणकवलीला यायचं. मुलांच्या पगाराचे पैसे असे प्रवासात जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून सांगते, सहावं सेमिस्टर अभ्यासाचं आहेच, पण कॉलेज एसटीच्या अंतरावर असण्याचे हे शेवटचे महिने आहेत. कॉलेजकडून जे जे लागणार आहे ते आताच मागून घ्या.

विद्यापीठाच्या तारखा मागेपुढे होतात. आपलं कॅलेंडर पक्कं असतं, त्यावर चाला. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा भरायच्या आत कागद, शिमग्याच्या आत प्रोजेक्ट, आणि आंबा भरात यायच्या आत अभ्यासाचं एक वाचन.

जत्रेच्या आत: कागद

एक दुपार काढा. दहावीचं मार्कशीट, बारावीचं मार्कशीट, आधार कार्ड आणि आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरची मार्कशीटं पडवीत एका ओळीत मांडा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. लक्ष्मीच्या स्पेलिंगात दहावीला 'एक्स' असतो आणि कॉलेजात येईपर्यंत 'केएसएच' झालेलं असतं. वडिलांचं नाव एकीकडे 'चंद्रकांत', दुसरीकडे नुसतं 'सी'. आईच्या नावाकडे तर कोणी बघतच नाही, आणि मार्कशीटवर ते छापलेलं असतं. फरक दिसला तर दहावीच्या दाखल्याची झेरॉक्स जोडून लगेच कॉलेजात अर्ज द्या. डिग्री छापून आली की त्याच एका अक्षरासाठी कलिनाला, मुंबई विद्यापीठात, हेलपाटे घालावे लागतात.

ताडतानाच प्रत्येक सेमिस्टरचा निकाल बघा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची केटी, म्हणजे नापास झालेला विषय, राहिलेली असेल, तर सहाव्या सेमिस्टरला कितीही चांगले गुण पडले तरी अंतिम निकाल राखून ठेवतात. आमच्या भाषेत आरएलई. केटीचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याची तारीखही वेगळी असते. नोटीस बोर्डावर ती लागते, पण त्या बोर्डासमोर थांबून वाचणारी मुलं फार थोडी. व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका, ऑफिसात येऊन विचारा. विचारलं म्हणून आम्ही रागावत नाही.

डिजिलॉकरमध्ये जाऊन एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट बँकेचा तो बारा आकडी नंबर, आपल्याच नावाने उघडलाय ना ते तपासा. आणि मोबाइल नंबर. आपल्याकडे सायबर कॅफेत फॉर्म भरताना मुंबईच्या भावाचा नाहीतर कॅफेवाल्याचाच नंबर टाकून मोकळे होतात. पुढे सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, ओटीपी, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलचे मेसेज, सगळं त्याच नंबरावर जातं. आताच स्वतःचा नंबर लावून घ्या आणि मुंबईला गेल्यावर नवीन सिम घेतलंत तरी जुनं बंद पाडू नका. शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा तेही खातं चालू ठेवा.

पुढे आरक्षणातून प्रवेश घेणार असाल तर जात पडताळणीचं काम सगळ्यात आधी हातात घ्या. त्या अर्जावर प्राचार्यांचा सही-शिक्का लागतो, जुने पुरावे गोळा करायला लागतात, आणि आजोबांचा शाळेचा दाखला काढायला मूळ गावच्या शाळेत जावं लागतं. नॉन-क्रिमिलेयरची मुदत आर्थिक वर्षावर, म्हणजे 31 मार्चवर असते. आपला दाखला कोणत्या सालच्या मार्चपर्यंत चालतो ते त्यावरच लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मुलं कधीच लक्षात घेत नाहीत. तुम्हाला शिकवणारे कितीतरी सर आणि मॅडम तासिका तत्त्वावर असतात. वर्ष संपलं की त्यांची नेमणूकही संपते आणि पुढच्या जूनमध्ये ते त्याच कॉलेजात असतील असं नाही. शिफारसपत्र हवं असेल तर ते फेब्रुवारीतच मागा. जाताना आपली माहिती एका कागदावर लिहून न्या: कोणते विषय, किती गुण, प्रोजेक्ट कशावर, एनएसएसला काय केलं, कशासाठी अर्ज करताय. साठ मुलांना शिकवणाऱ्या माणसाला तुमच्याबद्दल चार खरी वाक्यं लिहिता यावीत एवढी सोय आपण करून द्यायची.

शिमग्याच्या आत: प्रोजेक्ट

शिमगा लागला की गावात कोणी कोणाचं नसतं, हे मला सांगायला नको. पालखी, खेळे, पाहुणे. त्या दिवसांत सर्वेक्षण होत नाही आणि टायपिंगही होत नाही. विषय घराजवळचा घ्या. नेटवरून उतरवलेले प्रोजेक्ट माझ्या टेबलावर शिक्क्यासाठी येतात तेव्हा ते पहिल्या पानावर ओळखू येतात. मला लक्षात राहिलेला प्रोजेक्ट एका कॉमर्सच्या मुलीचा आहे. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्या वाडीतल्या बागायतदारांना काय उपयोग झाला, एवढाच तिचा प्रश्न. ती काकांच्याच बागेपासून सुरू झाली. नोंदणी कोणी केली, कोणी नाही, का नाही, पेटीवर काय छापतात, दलाल काय म्हणतो, असं एकेकाला विचारत गेली. माणसं मालवणीत बोलली ते तिने त्याच संध्याकाळी वहीत उतरवून काढलं आणि रिपोर्टात त्यातली वाक्यं तशीच्या तशी दिली. शिक्का मारता मारता मी तो सगळा वाचून काढला.

तसं तुम्हालाही करता येईल. देवगड बंदरावरचा मासळीचा लिलाव आहे, काजू सोलणाऱ्या बायकांची मजुरी आहे, होम स्टेचा हिशेब आहे, खाडीकाठची कांदळवनं आहेत. विचारायच्या आधी परवानगी घ्या आणि नाव छापणार नाही असं सांगितलंत तर छापू नका. झेरॉक्सच्या दुकानात बाइंडिंगला शेवटच्या दोन दिवसांत रांग लागते, आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. त्याच्या आठवडाभर आधी काम संपवा.

आंबा आणि अभ्यास

एप्रिलमध्ये परीक्षा आणि बागेत काढणी एकाच वेळी येते. ज्यांच्या घरची बाग आहे त्यांना हे टळत नाही, आणि वर्षाचं उत्पन्न त्याच पेट्यांतून येतं तेव्हा टाळावं असं मी म्हणणारही नाही. पण घरच्यांशी मार्चमध्येच स्पष्ट बोला. पेपरांच्या तारखा पेन्सिलने नव्हे, पेनने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, बाबांना दिसतील अशा. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवायचं काम सकाळी उन्हं चढायच्या आत होतं आणि पेट्या भरणं रात्री चालतं. मधली दुपार तुमची, ती कोणाला देऊ नका. घरात जमत नसेल तर कॉलेजची वाचनखोली उघडी असते, तिथे पंखा आहे आणि जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फाइली आहेत. मागच्या चार-पाच परीक्षांचे पेपर वेळ लावून सोडवून बघा.

पुढचं ठरवताना

पदवी हातात नसली तरी शेवटच्या वर्षाच्या मुलाला बऱ्याच गोष्टींचे फॉर्म भरता येतात. एमबीए, तीन वर्षांचं एलएलबी, बीएड या राज्याच्या सीईटी देता येतात. यूपीएससी आणि एमपीएससीची पूर्वपरीक्षा देता येते. बँकांच्या आयबीपीएस भरती परीक्षेला मात्र जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत निकाल लागलेला असावा लागतो, तेव्हा जाहिरात नीट वाचा. नव्या शैक्षणिक धोरणातली मुलं असाल तर तीन वर्षांवर डिग्री घेऊन बाहेर पडायचं की ऑनर्ससाठी चौथं वर्ष करायचं, हेही ठरवावं लागेल. आपल्या कॉलेजात तुमच्या विषयाचं चौथं वर्ष चालतं का ते आधी विचारा. गावातच राहून काही सुरू करायचं असेल तर सिंधुदुर्गनगरीला जिल्हा उद्योग केंद्रात एक फेरी मारा आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा.

मुलींना एक वेगळं सांगायचंय. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात आणि त्यांच्याबरोबर स्थळंही येतात. तोवर तुमच्या हातात सीईटीचं हॉलतिकीट असेल तर घरातलं बोलणं वेगळं होतं. आईवडील मुलीचं वाईट चिंतत नाहीत, पण समोर ठरलेलं काही नसलं की जे आलं ते पुढे करतात. तेव्हा फॉर्म आधी भरा. घरी बोलायला अवघड वाटत असेल तर तुमच्या मॅडमना सांगा. आमच्याकडच्या मॅडम याआधीही घरी जाऊन बोललेल्या आहेत.

निघायच्या आधी

लायब्ररी, प्रयोगशाळा, जिमखाना, हॉस्टेल या सगळ्यांचं नो ड्यूज एकाच दिवशी फिरून घ्या. हरवलेलं पुस्तक लपवू नका, त्याची किंमत भरता येते किंवा तेच पुस्तक आणून देता येतं. लायब्ररीचं डिपॉझिट परत मिळतं, पावती घेऊन या. कितीतरी मुलं ते मागायलाच येत नाहीत.

कॉलेज सोडल्याचा दाखला मूळ प्रत म्हणून एकदाच मिळतो आणि पुढच्या कॉलेजात तो जमा होतो. जमा करण्याआधी झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा. त्याच कॉलेजात एमए-एमकॉम करणार असाल तर घाई करू नका. कोल्हापूर, पुणे किंवा गोव्याच्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. त्याचा अर्ज कसा करायचा ते जाण्याआधीच समजून घ्या.

गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मेअखेरीला चाकरमानी परतत असतात, तेव्हा पेपरांच्या तारखा कळल्या की लगेच तिकीट काढा, पण शेवटच्या पेपरानंतर दोन-तीन कामाचे दिवस सोडून.

आणि घरी एक अधिकारपत्र लिहून ठेवा. साध्या कागदावर: प्राचार्यांना उद्देशून, तुमचं पूर्ण नाव, वर्ग, सीट नंबर, "माझं मार्कशीट आणि पासिंग सर्टिफिकेट माझ्या वतीने माझी आई अमुक अमुक यांच्याकडे द्यावं", खाली तुमची सही, आईची नमुना सही, दोघांच्या आधारच्या झेरॉक्स. निकाल लागला की पुनर्मूल्यांकनाला आणि उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सला थोडेच दिवस देतात, तेव्हा तो ऑनलाइन बघणं तुमच्याकडे आणि कागद आणणं आईकडे. आईला सांगा, सकाळच्या एसटीने यावं. दुपारी आमची जेवणाची सुट्टी असते, आणि तिला ताटकळत ठेवायला मला आवडत नाही.