जुनी गाडी घेताना नंबर प्लेट कशी वाचावी

जुनी मोटार पाहायला गेलो की आपण रंग पाहतो, टायर पाहतो, मीटरवरचे किलोमीटर विचारतो, पण नंबर प्लेटवरून नजर नुसती फिरवतो. माझ्या मते तपासणी तिथूनच सुरू करावी.

एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवड आणि एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, हे बहुतेकांना पाठ असते. मात्र राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी क्रमांक साधारणपणे तोच राहतो, त्यामुळे गाडी आजवर कोठे धावली आणि किती हात फिरली, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, आणि सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरची नोंद पाहावी. डीएल किंवा केए अशी बाहेरच्या राज्याची गाडी स्वस्त वाटली, तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), म्हणजे फॉर्म २८, आधी मागावी आणि महाराष्ट्रात नव्याने भरावा लागणारा रोड टॅक्स किमतीत धरूनच सौदा करावा.

पांढरी प्लेट खासगी गाडीची, पिवळी भाड्याच्या गाडीची आणि हिरवी इलेक्ट्रिक गाडीची असते.

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे, आणि आता जुन्या गाड्यांनाही ती बसवावी लागते. ही प्लेट वाकून जवळून पाहावी. डावीकडे वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम असतो आणि खाली लेझरने कोरलेला बारीक क्रमांक असतो. पुढच्या आणि मागच्या प्लेटचे हे लेझर क्रमांक वेगवेगळे असतात व समोरच्या काचेवरील स्टिकरवर तेच छापलेले असतात, म्हणून ते अंक न् अंक जुळवावेत. प्लेट एकदाच वापरता येणाऱ्या लॉकने बसवलेली असते. त्याजागी साधे स्क्रू दिसले, तर प्लेट का काढली होती, हे मालकाला स्पष्ट विचारावे.

एवढे जुळले तरी प्लेट ही शेवटी बदलता येणारी वस्तू आहे. म्हणून बॉनेट उघडून चॅसिस क्रमांक, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा क्रमांक, कोठे कोरला आहे ते शोधावे, फडक्याने धूळ पुसावी आणि तो आरसीशी ताडून पाहावा. एक अंकही वेगळा निघाला किंवा तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या, तर इसार देऊ नये.