चालता चालता बंद पडणारी पिकअप, दोष क्रँक सेन्सरचा
आमची डिझेल पिकअप थंड असताना मस्त चालायची पण इंजिन तापलं की चालता चालताच बंद, स्टेअरिंग जड, ब्रेक दगडासारखा, कशीबशी बाजूला घ्यायची. थोडं गार झालं की हाफ सेल्फला चालू! जो तो म्हणे डिझेल फिल्टर बदल, पण डिझेल पुढे ढकलायचा हातपंप दाबला तर कडक लागत होता म्हणजे डिझेल येत होतं. खरी खूण मीटरवर दिसली, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलेना, म्हणजे क्रँक सेन्सरचा (इंजिन किती वेगाने फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) सिग्नलच गायब. सेन्सरवर गार पाणी ओतलं आणि लगेच स्टार्ट. (आतली कॉइल तापली की कनेक्शन सुटतं.) नवीन सेन्सर बसवताना कनेक्टरमधलं ऑइल पुसलं, वायर सायलेन्सरपासून लांब बांधली. आता लोड घेऊन चढावरही बंद पडत नाही.