रस्त्यासाठी भांडताय ना, मग निदान या चुका तरी टाळा

पुण्याच्या उपनगरात फ्लॅट घेतला की पहिल्या वर्षी इंटिरियर, दुसऱ्या वर्षी सोसायटीची कमिटी आणि तिसऱ्या वर्षी रस्ता, हा क्रम आता ठरूनच गेलाय. मग आजूबाजूच्या चारपाच सोसायट्या मिळून एक फोरम निघतो, ग्रुप होतो, लोगो होतो (लोगो सगळ्यात आधी होतो), आणि महिन्याभरात कोणीतरी आमच्यासारख्या जुन्या खोडांकडे येतं की काका, जरा गाइड करा. प्रश्न तेच, घाई तीच आणि चुकाही त्याच. दरवेळी तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

रस्ता कोणाचा हे न बघताच पत्र ठोकणं

पत्र जातं माननीय आयुक्तांना, प्रत पालकमंत्र्यांना, प्रत मुख्यमंत्र्यांना, एखादा उत्साही माणूस तर प्रत थेट दिल्लीला लावतो. आणि रस्ता निघतो बिल्डरच्या लेआउटमधला, जो कधी महापालिकेकडे हस्तांतरितच झालेला नाही. अशा रस्त्यावर महापालिकेला घमेलंभर डांबरसुद्धा टाकता येत नाही, मग तुम्ही खड्ड्यात बसून फोटो काढा नाहीतर खड्ड्यात झाड लावा.

साधारण हिशोब असा असतो. 12 मीटर आणि त्यापेक्षा रुंद रस्ते महापालिकेच्या पथ विभागाकडे, त्याहून लहान ते क्षेत्रीय कार्यालयाकडे, म्हणजे वॉर्ड ऑफिसकडे. बायपास हायवे एनएचएआयचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. गावातून जाणारे काही जुने रस्ते पीडब्ल्यूडीचे, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे. त्यात आपल्याकडे महापालिकेत गावं आत घ्यायचा घोळ. 2017 ला 11 गावं आली, 2021 ला 23. उंड्री पहिल्या खेपेत आली आणि तिला चिकटून असलेली पिसोळी दुसऱ्या खेपेत, म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन टोकांचा सरकारी इतिहास वेगळा. शिवाय त्या 23 गावांचं डीपीचं (म्हणजे विकास आराखडा, कुठं काय होणार त्याचा सरकारी नकाशा) आणि बांधकाम परवानगीचं काम 2021 मध्ये पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) दिलं आणि पाणी-कचरा-रस्ते महापालिकेकडे, त्यामुळे बिल्डिंगची फाइल एका दारात आणि समोरच्या खड्ड्याची दुसऱ्या. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर 2017 ला आत आली आणि 2024 मध्ये परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली, तिथल्या लोकांनी जुनी फाइल कुठल्या कपाटात शोधायची ते त्यांनाच ठाऊक.

मी काय करतो ते सांगतो, तुम्हाला पटलं तर बघा. आधी रस्त्याचा सर्व्हे नंबर काढायचा. महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, तिथं मालक कोण ते कळतं. मग डीपीच्या नकाशात त्या पट्ट्यावर किती मीटरचा रस्ता दाखवलाय ते बघायचं. हे दोन्ही प्रिंट घेऊन सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या ज्युनियर इंजिनियरला गाठायचं, दुपारनंतर तो साइटवर असतो. आणि एकच प्रश्न विचारायचा, साहेब, हा रस्ता ताब्यात आहे का? बाकी भाषण नको, किती टॅक्स भरतो ते तर अजिबात नको, टॅक्स तोपण भरतो. ताब्यात आहे म्हणाला तर भांडण सोपं, बजेट आणि टेंडर एवढंच बघायचं. ताब्यात नाही म्हणाला तर पत्रं लिहून काही होणार नाही, मग खाली वाचा.

जागामालकाला शिव्या घालणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे. कारण बाकीच्या चुकांनी वेळ जातो, हिच्यामुळे रस्ताच जातो.

आमच्याच पट्ट्यात एक डीपी रोड होता, 24 मीटरचा. दोन्ही बाजूंनी बिल्डरांनी आपापल्या हद्दीपुरता झकास करून ठेवलेला, अगदी दुभाजकात बोगनवेल वगैरे, आणि मध्ये शंभरेक मीटरचं रान. रानात घास, कोपऱ्यात गोठा, आणि कडेनं एक पायवाट जिच्यावरून टू-व्हीलरवाले आणि स्कूलबसची पोरं ये-जा करायची. मालक म्हणजे एक सत्तरी ओलांडलेले आजोबा, त्यांनी पायवाटेला कधी हरकत घेतलेली नव्हती.

नवीन फोरम निघाला. सेक्रेटरी तरुण पोरगा, आयटीतला, हुशार, पण सगळं या क्वार्टरमध्ये संपवायची सवय. मला म्हणाला, "काका, ऑनलाइन पिटिशनला तीन हजार सह्या झाल्या." मी विचारलं, सातबारा काढला का? तर म्हणे, "सातबारा कशाला काका? डीपीमध्ये रस्ता आहे ना!" आता इथंच सगळं आलं. डीपीत रस्ता आहे म्हणजे नकाशावर रेघ आहे, जमीन अजून ज्याची त्याची. ती ताब्यात यायला मालकाला मोबदला द्यावा लागतो, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), एफएसआय (त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी) किंवा रोख, आणि त्याने ताबे पावती लिहून द्यावी लागते, नाहीतर मग भूसंपादनाची लांबलचक प्रोसेस. कात्रज-कोंढवा रस्त्याचं काय झालं ते अख्ख्या पुण्याला पाठ आहे, डीपीत 84 मीटर, 2018 मध्ये काम सुरू, आणि जागा हातात नाही म्हणून असं अडकलं की शेवटी रुंदी 50 मीटरवर आणावी लागली. एवढ्या मोठ्या रस्त्याला जे जमलं नाही ते तुमच्या पिटिशनने जमणारे का?

पण ऐकतो कोण. रविवारी सकाळी त्या रानाच्या तोंडाशी मानवी साखळी झाली, बॅनर लागला, "आमचा रस्ता अडवला कोणी?" आणि त्याच दुपारी ग्रुपवर कोणीतरी त्या गोठ्याचा फोटो टाकून खाली लिहिलं, लँडमाफिया. शंभरएक अंगठे पडले. आता गंमत बघा, त्या आजोबांचा नातू याच सोसायट्यांमधे दूध घालायचा आणि दुधाच्या हिशोबासाठी एका बाईंनी त्याला कधीतरी ग्रुपमध्ये घेतलेलं होतं. संध्याकाळपर्यंत मेसेज गोठ्यात पोचला. दुसऱ्या दिवशी सिमेंटचे पोल रोवले, काटेरी तार ओढली, पायवाट बंद. तीन हजार सह्यांची कमाई म्हणजे पोरांना स्कूलबससाठी मेन रोडपर्यंत वळसा.

नंतर मी आणि गावातलेच एक ओळखीचे असे दोघं गेलो, लेटरहेड न घेता. आजोबांनी बाजेवर बसवलं, चहा सांगितला आणि मग म्हणाले, "रस्त्याला माझा नाट कधीच नव्हता. पण रान मधून कापून चाललंय. टीडीआरचा कागद घेऊन मी करू काय, बैलापुढं टाकू?" मुद्दा चोख होता. 24 मीटर रुंदीचा रस्ता शंभर मीटर नेला की 2400 चौरस मीटर जातात, म्हणजे जवळपास 24 गुंठे, आणि त्यांचं सगळं मिळून रान दीड एकराच्या आतलं. त्यांना रोख पाहिजे होते, मोजणी आपल्या डोळ्यासमोर व्हायला पाहिजे होती, आणि उरलेल्या दोन तुकड्यांत जनावरं इकडून तिकडं न्यायला जागा पाहिजे होती. यातलं एकही मागणं तीन हजार सह्या करणाऱ्यांपैकी कोणाला माहीत नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं. वर म्हणाले, तो माफिया लिहिणारा कोण आहे त्याला एकदा घेऊन या, मला बघायचाय.

सेक्रेटरी आला, हे त्याचं कौतुक. फार काही बोलला नाही, बसला, चहा प्याला, गोठा बघितला. पुढं भूमी अभिलेखची संयुक्त मोजणी झाली, रोख मोबदल्याची फाइल हलली, आणि फाइल फिरतीय तोवर आजोबांनी एका कडेच्या पट्ट्याचा आगाऊ ताबा दिला. तिथून आज एका वेळी एक गाडी जाते. पूर्ण 24 मीटर अजून व्हायचाय, होईल तेव्हा होईल. पण तार गेली.

म्हणून माझा नियम, ग्रुपवर जागामालकाचं नाव, फोटो, जात, गाडी, यातलं काहीही टाकणारा माणूस त्याच दिवशी ग्रुपबाहेर. अॅडमिनला वाईट वाटत असेल तर अॅडमिनपण बाहेर.

माहिती अधिकारात भांडण लिहिणं

"रस्ता अजून का झाला नाही?" हा माहिती अधिकाराचा प्रश्न नाही. "का"चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला बांधील आहेत. म्हणून कागद मागा. वर्क ऑर्डरची प्रत, एस्टिमेट, मोजमाप पुस्तक (काम प्रत्यक्षात किती झालं त्याची नोंदवही), ताबे पावती, आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. ही शेवटची फार कामाची, कारण त्या मुदतीत रस्ता उखडला तर कॉन्ट्रॅक्टरनं स्वखर्चानं करून द्यायचा असतो आणि पुष्कळदा मुदत संपल्यावरच लोकांना जाग येते.

महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तरी लोक चार पानी निबंध पाठवतात आणि मग अर्ज फेटाळला म्हणून ओरडतात. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, 30 दिवस थांबा, उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. आणि हे अपील कोणी करतच नाही! अर्ज टाकला, उत्तर आलं नाही, "सिस्टिमच खराब आहे" म्हणून मोकळे. मला विचाराल तर अर्जापेक्षा फाइल बघायची मागणी बरी, पहिला तास फी नसते, आणि फाइलमधल्या पिवळ्या पडलेल्या टिपणीत जे सापडतं ते तुम्ही अर्जात कधी मागितलंच नसतं.

"सगळी बांधकामं बंद करा" म्हणणं

तुमचा टॉवर झाला तेव्हा मागच्या बंगलेवाल्यांनीपण हेच म्हटलं होतं. अशी मोघम मागणी घेऊन गेलं की समोरचा साहेब मान हलवतो, चहा पाजतो आणि पत्र फाइलला लावतो. नेमकं काहीतरी धरा. जिथं महापालिकेचं पाणी पुरेसं नाही तिथं परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलेलं असतं की महापालिकेची सोय होईपर्यंत पाणी मी देईन. ते हमीपत्र मंजूर फाइलमध्ये असतं. आणि इकडे सोसायट्या टँकरला महिन्याला लाखांनी पैसे भरतात आणि हमीपत्राची प्रत कोणाकडे नसते. आधी ती काढा.

20 हजार चौरस मीटरच्या वरचं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, त्यात पाणी, ड्रेनेज, झाडं यांच्या अटी लिहिलेल्या असतात आणि दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. तो मागा. मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित लवादाकडं (पर्यावरणाचे खटले तिथं चालतात) 30 दिवसांत जायचं असतं, उशिराचं पटण्यासारखं कारण दिलं तर वर अजून 60 दिवस मिळू शकतात, त्यानंतर नाही. लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, तरी लोकांना ते दोन वर्षांनी आठवतं. आणि बिल्डरला काही करायला लावायचं असेल तर ते भोगवटा पत्राच्या (इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला) आधी. एकदा ते हातात पडलं की तो तुमचा फोन उचलायचा नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी अजून एक, ब्रोशरमध्ये "प्रस्तावित 24 मीटर डीपी रोड" दिसला तर प्रस्तावित हा शब्द दोनदा वाचा आणि महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर मंजूर नकाशा उघडून आज प्रत्यक्षात अॅप्रोच कुठून दाखवलाय ते बघा. सेल्सवाल्या पोराला विचारू नका, तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या प्रोजेक्टवर असतो.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या

पत्र दिलं आणि आवक नंबर घेतला नाही, तर पत्र दिलंच नाही असं समजा. ईमेल केलाय म्हणणाऱ्यांनी परत वाचा.

एका पत्रात रस्ता, पाणी, कुत्री, मोबाइल टॉवर आणि शेजारच्या हॉटेलचा धूर. पाच खात्यांचं पत्र कुठल्याच खात्याचं नसतं.

प्रारूप डीपी जाहीर झाला की हरकतीला कायद्यात 30 दिवस आहेत. छापील फॉर्मच्या हजार झेरॉक्स देण्यापेक्षा सर्व्हे नंबर टाकून स्वतःच्या शब्दांत दहा हरकती द्या आणि सुनावणी मागा. सुनावणीला जा मात्र. पहिल्यांदा सगळे येतात, नाव पुकारायला उशीर झाला की निम्मे मीटिंग आहे म्हणून पळतात.

स्पीडब्रेकर. सगळ्यांना आपल्या गेटसमोर एक पाहिजे. त्याला ट्रॅफिक पोलिसांची परवानगी लागते आणि त्याचं माप ठरलेलं आहे, उंची 10 सेंटीमीटर, रुंदी 3.7 मीटर. वॉचमनकडून रात्रीत घालून घेतलेला तो सिमेंटचा उंचवटा स्पीडब्रेकर नाही, तो पाठीचा मणका मोडायचा सापळा आहे.

नवीन रस्ता होतोय म्हणून नारळ फोडायच्या आधी केबल, गॅस आणि पाण्याच्या लाइनची खोदाई बाकी आहे का विचारा. हे न विचारता पेढे वाटलेले मी पुष्कळ बघितलेत.

सगळं नगरसेवकावर सोडणं. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकच होते, तेव्हा ज्या फोरमचं सगळं एका भाऊंच्या फोनवर चालायचं ते आपोआप बंद पडले. ज्यांना क्षेत्रीय कार्यालयाची मोहल्ला कमिटी (नागरिक आणि अधिकाऱ्यांची बैठक) माहीत होती त्यांची कामं चालू राहिली.

फाइल सेक्रेटरीच्या लॅपटॉपमध्ये. त्याची बदली बेंगळुरूला झाली की फोरमची स्मरणशक्ती गेली. साधा बॉक्स फाइल घ्या, सोसायटीच्या ऑफिसात ठेवा, शिक्क्याच्या मूळ प्रती त्यातच.

आणि नागरिकांचं अंदाजपत्रक. 2006 पासून महापालिका प्रभागातली कामं लोकांकडून मागवते, फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला निघतात, फूटपाथ, दिवे, बसस्टॉप असली कामं त्यात बसतात, आणि आमच्या भागातून दरवर्षी जेमतेम मूठभर फॉर्म जातात. एका कामाला मर्यादा पाच लाखांची आहे. मागच्या खेपेला एका फोरमनं त्यात फ्लायओव्हर मागितला होता. लांबी-रुंदीसकट.