एमेई शानला निघण्याआधी पॉवर बँक उलटी करून बघा

एमेई शान हा चीनच्या सिचुआन प्रांतातला बौद्ध तीर्थाचा डोंगर. तिकडे जायचं तर पासपोर्ट, व्हिसा, विमा, रोजच्या गोळ्या. यावर शब्द घालवत नाही. एकच सांगते: चीनने अमुक देशांना व्हिसा माफ केला, 240 तास थांबायची सवलत दिली, अशा बातम्या वाचून कुणी हुरळू नये. त्या यादीत भारत नाही. आपल्याला व्हिसा काढावाच लागतो.

आता मुद्द्याचं. घरात जी पॉवर बँक आहे ती आत्ता हातात घ्या, उलटी करा आणि मागच्या बारीक अक्षरांत लंबगोलात तीन सी असलेली खूण, म्हणजे चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राची खूण, आहे का ते बघा. नसेल तर ती चीनमधल्या देशांतर्गत विमानात नेता येत नाही. 28 जून 2025 पासून हा नियम लागू आहे. भारतात विकत घेतलेल्या बहुतेक पॉवर बँकांवर ही खूण नसते, मग ती कितीही महागाची असो. दिल्ली किंवा कोलकात्याहून निघताना तुम्हाला कुणी अडवणार नाही, कारण तिथे हा नियमच नाही. पण ग्वांगझोऊला उतरून चेंगदूचं, म्हणजे डोंगराजवळच्या मोठ्या शहराचं, पुढचं विमान पकडलंत की ते झालं देशांतर्गत विमान, आणि सुरक्षा तपासणीत ती बाजूला काढली जाते. माझी तशीच गेली. रांगेत मागे माणसं होती, पुढचं विमान होतं, वाद घालण्यात अर्थ नव्हता. चेंगदूत उतरल्यावर नवीन घ्यायची हे डोक्यातून निघून गेलं आणि दुसऱ्या दिवशी तीन हजार मीटरवर फोन मेला.

यात एवढं काय, असं वाटत असेल तर चीनमध्ये फोन म्हणजे काय ते समजून घ्या. पैसे फोनमध्ये. तिकीट फोनमध्ये. नकाशा फोनमध्ये. समोरच्याशी बोलायचं भाषांतरही फोनमध्ये. वर थंडीत बॅटरी खाली येते ती भराभर येते. चाळीस टक्के दिसत असताना बंद पडलेला फोन मी पाहिला आहे. भाड्याच्या पॉवर बँका तिथे दुकानादुकानांत लावलेल्या असतात हे खरं, पण ती काढायला कोड स्कॅन करावा लागतो आणि त्यासाठी फोन चालू लागतो. म्हणून तीन सीची खूण असलेली पॉवर बँक घ्या. इथे मिळाली नाही तर जुनी घरीच ठेवा आणि चेंगदूत उतरल्याबरोबर, हॉटेलवर जायच्याही आधी, नवीन घ्या. चेक-इनच्या बॅगेत घालायची नाही, हातातल्या पिशवीत ठेवायची.

पैसे. अलीपे, म्हणजे चीनमध्ये फोनवरून पैसे द्यायचं ॲप, भारतातूनच सुरू करून ठेवा: पासपोर्टचा फोटो, ओळखपडताळणी, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडणं, सगळं घरी बसून. रुपेच्या भरवशावर जाऊ नका. कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, त्यामुळे ते सिम रोमिंगसह चालू हवं. 200 युआनपर्यंतच्या खरेदीवर परदेशी कार्डाला जादा आकार नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर तीन टक्के लागतो. याशिवाय काही शे युआन रोख, सुट्ट्या नोटांत, वेगळ्या खिशात. फोन गेला तर हेच पैसे तुम्हाला डोंगरावरून खाली आणतात.

इंटरनेट: गूगल, व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाही, भारतीय सिमच्या रोमिंगवर किंवा परदेशी ई-सिमवर चालतं. इथूनच सोय करून जा.

तारखा ठरवताना 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा, मे महिन्याची सुरुवात आणि चिनी नववर्ष टाळा. याला अपवाद करू नका. त्या दिवसांत केबल कारच्या रांगेतच दिवस जातो आणि मंदिरात उभं राहायला जागा मिळत नाही.

चेंगदूहून वेगवान गाडीने तास-दीड तासात पोचता. स्टेशनं दोन आहेत: एक एमेई, एक एमेईशान. तुम्हाला एमेईशान हवं, डोंगराच्या पायथ्याजवळचं. तिकिटावर नाव नीट वाचा. गाडीला आणि डोंगरावरच्या प्रवेशाला मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. आणि उतरायच्या, राहायच्या जागांची नावं चिनी अक्षरांत कागदावर लिहून घ्या. कागद. फोनमध्ये नाही. फोनचं काय होतं ते वर सांगितलंय.

कपड्यांच्या बाबतीत लोक खालचं हवामान बघून फसतात. पायथा साधारण पाचशे मीटरवर आणि सुवर्णशिखर, म्हणजे जिनदिंग, 3079 मीटरवर. चेंगदूत घाम येत असताना वर दात वाजतात. पावसाचं जाकीट बारा महिने हवं. छत्री नको, पायऱ्यांवर ती आपल्याला आणि मागच्यालाही त्रास देते. बुटाचा तळ ओल्या दगडावर न घसरणारा असू द्या. हिवाळ्यात वरच्या पायऱ्यांवर बर्फ गोठतो; बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे आणि जाडे कोट लेइदोंगपिंगला, म्हणजे वर बस थांबते तिथे, भाड्याने मिळतात, ते इथून ओझं करून न्यायची गरज नाही. फोन मात्र अंगालगतच्या खिशात ठेवा, बाहेरच्या नाही.

आता डोंगर. एमेई शान आणि शेजारच्या लेशानचा बुद्ध मिळून 1996 साली जागतिक वारसा झाले, निसर्ग आणि संस्कृती दोन्हीसाठी. हे समंतभद्र बोधिसत्त्वाचं स्थान आहे, चिनी लोक त्याला पुशियान म्हणतात. बहुतेक पर्यटक बसने सरळ लेइदोंगपिंगला जातात, तिथून चालत जिएयिन मंदिरापर्यंत, मग केबल कार आणि शिखर. फोटो काढले की खाली. माझं कळकळीचं सांगणं, असं करू नका. वान्नियान मंदिरासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवा. तिथे इ. स. 980 मध्ये ओतलेली काशाची मूर्ती आहे: सहा सुळ्यांच्या हत्तीवर कमळ, कमळावर समंतभद्र. सात मीटरहून उंच. ती ज्या विटांच्या दालनात आहे त्याला खांब नाहीत, तुळया नाहीत. खाली चौकोन आणि वर घुमट. हत्तीचे चारही पाय एकेका कमळावर टेकलेले आहेत, चालता चालता थांबावा तसा तो उभा आहे. प्रदक्षिणा उजवी घालूनच करतात, आपल्यासारखीच. अजिंठा पाहिलेल्या माणसाने या मूर्तीसमोर घाईत उभं राहू नये. शिखरावरचा 48 मीटरचा सोनेरी पुतळा भव्य आहे, पण तो 2006 चा. वान्नियानचा हत्ती हजार वर्षांपेक्षा जुना आहे.

मंदिरांत उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडायचा. गाभाऱ्यात फोटो नाही. पाटी दिसली नाही तरी नाही.

माकडं. चिंगयिन मंडपाच्या वरच्या वाटेवर ती असतात, आखूड शेपटीची आणि चांगली दांडगी. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की येतात. खाणं पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा, हातात बाटलीसुद्धा नको, डोळ्याला डोळा भिडवू नका, आणि दुसरा कुणी खायला घालत असेल तर तिथून पुढे चला. चावलं तर रेबीजची लस घ्यावी लागते आणि बाकीची सहल दवाखान्यात जाते.

जेवण. शाकाहारी लोक चीनच्या नावाने उगाच घाबरतात. मठांच्या जेवणघरात पूर्ण शाकाहारी मिळतं आणि त्यात कांदा-लसूणही नसतो; कंदमुळं मात्र असू शकतात, हे जैन मंडळींनी लक्षात ठेवावं. वेळा मात्र ठरलेल्या आणि लवकरच्या असतात. मठाबाहेर जपून: भाजी भाजीचीच असली तरी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. "मांस नको, अंडं नको, प्राण्यांची चरबी नको" हे चिनी अक्षरांत त्याच कागदावर लिहून घ्या आणि दाखवा. जिभेला झिणझिण्या आणणारी सिचुआन मिरी कमी घाला, हेही लिहा. सोबत थोडे शेंगदाण्याचे लाडू.

वर मुक्काम करणार असाल तर आधी आरक्षण, आणि ते करताना परदेशी पासपोर्टवर ठेवतात का ते विचारा. मुक्काम करा असंच मी म्हणेन, कारण ढगांचा समुद्र आणि सूर्योदय दुपारच्या गर्दीत मिळत नाहीत. ढग फाटले नाहीत तर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही, तीही तयारी ठेवा. अर्ध्या दिवसात अडीच हजार मीटर चढल्यामुळे डोकं जड होतं. हळू चाला, पाणी प्या, पहिल्या रात्री जेवण हलकं. खोलीत गेल्यावर पहिलं काम कपडे बदलणं नाही. फोन आणि पॉवर बँक, दोन्ही चार्जिंगला लावणं. पहाटे अंधारात निघताना दोन्ही भरलेली हवीत. इथे सगळ्यांचं लक्ष सूर्याकडे असतं आणि चार्जर भिंतीतच राहतो.

उतरताना गुडघे बोलतात. पूर्ण पायी उतरायचा हट्ट नको. शिशियांगची नावाच्या मंदिराकडची वाट फार खडी आहे. थोडं चाला, बाकी केबल कार आणि बस. शेवटच्या फेरीची वेळ चढतानाच विचारून ठेवा.

लेशान दुसऱ्या दिवशी, त्याच दिवशी नाही. 71 मीटरचा बसलेला बुद्ध, 713 ते 803 अशी नव्वद वर्षं चाललेलं काम, तीन नद्यांच्या संगमावर. पायाशी उतरणारा जिना अरुंद आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्याची रांग तासन्‌तास हलत नाही. सकाळी दार उघडायच्या आधी पोचलात तर जिना, नाहीतर सरळ होडी घ्या. पूर्ण मूर्ती समोरून होडीतूनच दिसते. टोपी, पाणी, पासपोर्ट. पॉवर बँक. आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट आदल्या रात्रीच काढून ठेवा.