उद्योजक आणि तंत्रज्ञांच्या मंडळात सभासद होताय? मग असं करा

फी भरली, यादीत नाव लागलं, पहिल्याच बैठकीत वीस-पंचवीस व्हिजिटिंग कार्डं खिशात आली. महिन्याभरात ती ड्रॉवरच्या तळाशी जातात आणि ‘उगाच पैसे घातले’ असं वाटू लागतं. हे टाळता येतं.

आधी पाहुणा म्हणून एक बैठक गाठा. भाषण कसंही असो, मध्यंतरात लोक काय बोलतात ते ऐका. जो तो आपलाच माल खपवत असेल तर तिथूनच परत फिरा. ‘आमचं अमुक फसलं’ असं कुणी मोकळेपणी सांगत असेल तर जागा बरी. निर्णय घेणारी माणसं स्वतः येतात की हाताखालच्यांना पाठवतात, हेही विचारून घ्या.

मग गुप्ततेचा नियम. बऱ्याच ठिकाणी लंडनच्या चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्याससंस्थेचा १९२७चा नियम चालतो: ऐकलेली माहिती वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. स्वतःच्या धंद्याचं दुखणं मांडायचं तर मला तेवढंही अपुरं वाटतं. छोट्या गटात ‘इथलं इथेच’ हेच बरं.

मंडळातला गट आठ-दहा जणांचा निवडा. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात ‘जंटो’ हा चर्चेचा क्लब काढला तेव्हा सभासद बाराच ठेवले. पुढे मागणी वाढली तरी संख्या न वाढवता वेगळे गट काढायचं ठरलं. गटात थेट स्पर्धक नकोत. बोलणं अडतं ते वेगळंच, पण स्पर्धकांनी आपसात दर ठरवणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, मग ते गप्पांच्या ओघात का होईना.

आता खरं काम, म्हणजे प्रश्न. ‘क्लाउडबद्दल काय वाटतं?’ असं विचाराल तर प्रवचन ऐकावं लागेल. त्याऐवजी: “आमची बिलिंग सिस्टीम पंधरा वर्षं जुनी आहे, ती लिहिणारा माणूस मार्चमध्ये निवृत्त होतोय. एकदम बदलू की तुकड्यातुकड्याने? तुमच्याकडे काय मोडलं?” शेवटचे तीन शब्द विसरू नका. सल्ला मागितला की माणूस वरच्या पट्टीत बोलतो. काय मोडलं हे विचारलं की जरा अडखळतो, आणि कामाचं तिथेच निघतं. तंत्रज्ञ असाल तर आणखी एक सोय: आपल्या मालकाकडे न्यायचा प्रस्ताव आधी गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या मालकाला दाखवा. ‘मी हा खर्च मंजूर केला नसता’ हे त्याच्या तोंडून ऐकणं स्वस्तात पडतं.

बैठकीनंतर दोन दिवसांत दोन ओळींचा मेसेज टाका. कुणाची कुणाशी गाठ घालून द्यायची असेल तर आधी दोघांना विचारा. लांबच्या ओळखीही सोडू नका. ओळखीतून नोकरीची खबर आली तर ती बहुतेकदा अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडूनच येते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं.

नूतनीकरणाची वेळ आली की एवढंच आठवून पाहा: रात्री अकराला सर्व्हर बसला तर इथल्या कुणाला फोन लावाल? दोन नावं सुचली तर फी भरा.